दोन घंट्यांचा निकाल

"मामा, गेम भंगार हाय. पैसे वापस घेतले म्या."

२०२४ च्या मार्चमधली गोष्ट. अकोल्याहून, जठारपेठेतून, भाच्याचा फोन. २२ तारखेला, शुक्रवारी, कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'ड्रॅगन्स डॉग्मा २' बाजारात आला होता. या पोराने वर्षभर त्याची वाट पाहिलेली. रात्रभर डाउनलोड लावून ठेवलं, सकाळी अंघोळ न करता बसला आणि दुपारच्या जेवणाआधी निकाल देऊन मोकळा झाला. मी विचारलं, किती खेळला बे? म्हणे, एक घंटा बावन मिनिटं. जरा खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्यातला पाऊण तास नाक घडवण्यात गेला होता. आपलं पात्र आपण घडवायची सोय या गेममध्ये फार बारीक आहे. कंपनीने तेवढा भाग दोन आठवडे आधी फुकट वाटला होता. भाच्याने तेव्हाही एक नाक घडवलं होतं, पण ते त्याला आवडलं नाही. म्हणजे प्रत्यक्ष खेळ झाला एक तास सात मिनिटं.

"एवढ्यात काय समजलं तुले?"

"मामा, शितावरून भाताची परीक्षा होते ना? तसंच हाय. दोन घंट्यात समजते सारं."

भाच्याशी माझं भांडण नाही. तो एकटा असता तर मी जिलबी खाऊ घालून विषय संपवला असता. पण त्या शुक्रवारी जगभरातल्या हजारो लोकांनी हेच केलं. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात या गेमच्या नावापुढे पहिल्याच दिवशी 'बहुतांशी नकारात्मक' असा शिक्का बसला, आणि अमरावती-अकोल्यातल्या ज्या पोरांनी तो गेम डोळ्यांनी पाहिलाही नव्हता ती पोरं चहाच्या टपरीवर 'पडला गेम' म्हणू लागली. दर नव्या मोठ्या गेमला हेच होतं. मोकळ्या जगाचा, अद्भुताचा, शंभर तासांचा गेम येतो आणि त्याची उत्तरपत्रिका पहिलं पान वाचून तपासली जाते. म्हणून भाच्याच्या म्हणीचा हा प्रतिवाद.

म्हण खोटी नाही, पण ती भाताची आहे. एका पातेल्यातली सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर, एकाच वेळी शिजतात. म्हणून एक चिमटीत दाबलं की बाकीच्यांचं कळतं. मोकळ्या जगाच्या गेमची सगळी मेहनत याच्या उलट चाललेली असते. पहिल्या गावासारखं दुसरं गाव नसावं, दिवसासारखी रात्र नसावी, तुझ्यासारखा माझा प्रवास नसावा, यासाठी शेकडो माणसं वर्षानुवर्षं राबतात. तिथं एक शीत दाबून काय कळणार? आणि आपण वऱ्हाडातले लोक भाताचे पारखी कधी झालो? आपल्या ताटात भाकर, आपल्या वावरात कापूस. पारख शिकायची तर कापसाच्या बाजारात शिकावी.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कापसाची गाडी बाजारात उभी राहिली की व्यापारी येतो. वरचा कापूस तो पाहतच नाही. वरचा सगळ्यांचाच पांढरा असतो. कोपरापर्यंत हात आत घालून मूठभर बोंडं काढतो. दोन अंगठ्यांत धरून धागा ओढतो, लांबी पाहतो. सरकी दाताखाली धरून चावतो. कट् वाजली तर कोरडी, मऊ लागली तर ओल आहे. मग बोली लावतो. इथं भाचा मला अडवेल की पाहा, तोही मूठभरावरूनच ठरवतो. ठरवत नाही! तो फक्त बोली लावतो. हिशेब होतो जिनिंगमध्ये गाडी खाली झाल्यावर. तळातून किडकी कवडी निघाली, ओला माल निघाला, तर तिथं भाव तुटतो आणि भांडणं होतात. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर तर आकडेच ठरलेले आहेत: ओल ८ टक्क्यांच्या वर गेली की भाव खाली, १२ च्या वर गेली की माल घेतच नाहीत. बोली आणि हिशेब हे दोन वेगळे व्यवहार आहेत, हे आपल्याकडं शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतं. कळत नाही ते लॅपटॉपपुढं बसलेल्या त्याच्या इंजिनिअर पोराला.

आता हे दोन तास आले कुठून? स्टीमचा नियम आहे. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी झाला असेल तर गेम परत करता येतो. २०१५ पासून हा नियम आहे आणि त्याने गिऱ्हाइकाचं भलंच केलं. पण ही परतीची मुदत आहे. आमच्या पोरांनी ती परीक्षेची वेळ मानली. एक तास बावन्न मिनिटं हा आकडा काही आपोआप आलेला नाही. घड्याळाकडं पाहत खेळणाऱ्याचं अर्धं लक्ष बडनेऱ्याला गाडी पकडायची असलेल्या पाहुण्यासारखं असतं. तो ऐकतो सगळं, पण चप्पल पायात घालून.

आणि गेमही नेमका असा निवडला, की ज्याने अशा माणसाची थट्टाच मांडून ठेवली होती. (ज्यांना अजून खेळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं.) गेम सुरू केला की पडद्यावर नाव येतं 'ड्रॅगन्स डॉग्मा'. नुसतंच. पुढे २ नाही. बरेच लोक तो आकडा राहून गेला असेल असं समजून पुढे गेले. मग कितीतरी तासांनी कथा संपते, म्हणजे संपल्यासारखी वाटते. तिथं जो खेळाडू समोर वाढलेला शेवट नाकारतो, वेगळं काही करून पाहतो, त्याच्यासमोर जग उलटंपालटं होतं, समुद्र आटतो, आणि मग पहिल्यांदा पडद्यावर पूर्ण नाव उमटतं. २ सकट. ज्या गेमने तुम्हाला स्वतःचं पूर्ण नावही सांगितलं नाही, त्याचा पंचनामा करून तुम्ही सही ठोकून आलात.

बैलगाडीचं सांगायलाच हवं, कारण भाच्याची मुख्य तक्रार तीच होती. "एका गावाहून दुसऱ्या गावाले जायले बैलगाडी, मामा! २०२४ मध्ये!" या गेममध्ये नकाशावर बोट ठेवलं आणि पोहोचलो असं सहसा होत नाही. तशी सोय आहे, पण एक दुर्मिळ दगड खर्चून. नाहीतर पायी चला, किंवा सकाळी अड्ड्यावर जाऊन बैलगाडीची वाट पाहा. दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो यांनी गेम यायच्या आधीच मुलाखतीत आपली बाजू सांगितली होती: प्रवास कंटाळवाणा वाटत असेल तर दोष प्रवासाचा नाही, तुमचा गेमच कंटाळवाणा आहे.

मी तो पुढे खेळलो, भाच्याने परत केल्यावर. जिद्दीनेच म्हणा. पहिली बैलगाडी मलाही रटाळ वाटली. गाडीत बसलो, डुलकी घ्यायचा पर्याय आला, घेतली, उतरलो. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा डुलकी लागली आणि मध्येच मोडली. संध्याकाळ झालेली. पुढं रस्त्यात आरडाओरडा. लुटारू गोब्लिन गाडीवर चढलेले, गाडीवान खाली पडलेला आणि बैल बिथरलेला. मी तलवार काढली, तर माझ्याच सोबत्याने टाकलेल्या जादूच्या आगीत गाडीचा चुराडा झाला. बैलही गेला. हातात चार औषधं, कंदिलात तेल थोडं, गाव मागे किती आणि पुढे किती याचा पत्ता नाही, आणि अंधार असा की आपलाच हात दिसेना. त्या गेममधली रात्र खरीच काळी असते, चित्रपटातल्यासारखी निळी नसते. कंदील विझेल म्हणून जीव मुठीत धरून एका ओढ्याच्या कडेने चाललो. सोबतीला जो भाड्याचा साथीदार होता (दुसऱ्या कुणा खेळाडूने घडवलेला, त्याच्या जगातून माझ्या जगात आलेला) तो मध्येच म्हणाला, मी या वाटेने पूर्वी आलोय, पुढे थांबायला जागा आहे. आणि खरंच होती. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात रात्री गाडी बंद पडलेल्या माणसाला जो दिवा लांबून दिसतो ना, तसला तो शेकोटीचा ठिपका दिसला.

ही गोष्ट कितव्या तासाला घडली? अकराव्या. पहिल्या दोन बैलगाड्या रटाळ होत्या म्हणूनच तिसरी माझ्या अंगावर आली. पहिल्याच फेरीत हल्ला झाला असता तर बैलगाडी म्हणजे हल्ला असं समीकरण बसलं असतं आणि चौथ्यांदा मी ढिम्म राहिलो असतो. कंटाळाही इथं पेरावा लागतो. पीक यायला वेळ लागतो म्हणून कोणी पेरणी झाल्यावर आठव्या दिवशी वावर विकायला काढत नाही.

तर मग त्या शुक्रवारी लोक उगाच ओरडत होते का? नाही. इथं मला माझ्या बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. गेम नावाजला की त्याच्या सगळ्या दोषांवर पांघरूण घालणारी जी जमात आहे, ती 'खेळून तर पाहा' या वाक्यामागे कंपनीची चोरी लपवते. त्या दिवशीच्या अर्ध्या तक्रारी शंभर टक्के खऱ्या होत्या. शहरात शिरलं की गेम अडखळायचा. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाचा हिशेब संगणकाला करावा लागतो म्हणून असं होतं, असं खुद्द कंपनीने कबूल केलं. मग काही महाभागांनी गावातली माणसं मारून गेम सुरळीत चालतो का, याचे प्रयोग केले. चाललाही! नव्याने खेळ सुरू करायचा तर त्याचा पर्यायच नव्हता, तो मागाहून द्यावा लागला. पैसे मोजून घेतलेली वस्तू चालत नसेल तर ते पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला, चौकात उभं राहून सांगावं. त्यासाठी कथा संपवायची गरज नाही. पंखा फिरत नाही हे सांगायला उन्हाळा काढावा लागत नाही.

पण दुसऱ्या अर्ध्या तक्रारी? "पैसे घेऊन प्रवासाची सोय विकतात," हे त्या दिवशीचं सगळ्यात गाजलेलं वाक्य. भाच्यानेही मला तेच ऐकवलं, जणू स्वतः पावती पाहिली होती. वस्तुस्थिती अशी की प्रवासाच्या सोयीचं म्हणून दुकानात जे विकायला ठेवलं होतं तो ठिकाणाची खूण करणारा एक स्फटिक होता. प्रवासाला लागणारे दगड तिथं विकायला नव्हतेच, ते गेममधल्याच दुकानात गेममधल्याच नाण्यांनी मिळत होते. चेहरा बदलण्याचं पुस्तक पैशाने विकतात, ही दुसरी बोंब. तेही गेममध्ये खेळून मिळत होतं. पूर्ण किमतीच्या गेमबरोबर असली किरकोळ दुकानदारी करावी का, यावर कंपनीला झोडायला मी पहिल्या रांगेत उभा राहीन. ती हावरटपणाची आणि मूर्खपणाची गोष्ट होती. पण भाच्याला हा राग गेम खेळून आलेला नव्हता. गेम डाउनलोड होत असताना, रात्री, एका हिंदी यूट्यूबवाल्याचा व्हिडिओ पाहून तो राग आधीच डाउनलोड झाला होता, गेमच्याही आधी. त्याचं 'पहिलं मत' उष्टं होतं.

उष्ट्या मतांचा हा धंदा दोन्ही बाजूंनी चालतो, आणि कौतुकाचं उष्टं तर जास्त महागात पडतं. १० डिसेंबर २०२० ला 'सायबरपंक २०७७' आला. परीक्षकांना त्याच्या कंपनीने आधी पाठवलेल्या प्रती फक्त पीसीच्या होत्या. सगळ्यांनी डोक्यावर घेतला. जुन्या प्लेस्टेशनवर त्याची काय दशा आहे हे गिऱ्हाइकाने विकत घेतल्यावरच कळलं, आणि ती दशा अशी होती की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. परत ठेवला तो जून २०२१ मध्ये. आपल्या बाजाराच्या भाषेत, वरचा कापूस एक नंबर, तळात निव्वळ कवडी. व्यापारी असता तर कोपरापर्यंत हात घातला असता. परीक्षकांनी वरूनच धागा ओढला.

आणि 'यंत्राचे दोष तरी पहिल्या दिवशी कळतात' असं मी आत्ता म्हणालो, तेही अर्धंच खरं आहे. 'स्कायरिम' ११ नोव्हेंबर २०११ ला आला, ११-११-११ अशी तारीख साधून. प्लेस्टेशन ३ वर तो सुरुवातीला ठीक चालायचा. पण जसजसं तुम्ही जगात हिंडाल, वस्तू उचलाल, दारं उघडाल, तसतशी जतन केलेली फाइल फुगत जायची, आणि काही डझन तासांनंतर गेम मुंगीच्या पावलांनी चालायला लागायचा. जो जास्त प्रेमाने खेळला त्याचाच गेम जास्त बिघडला. पहिल्या दहा तासांत हा दोष कुणाला दिसणंच शक्य नव्हतं, आणि पहिल्या आठवड्याची स्तुती त्या दहा तासांवर उभी होती.

'एल्डन रिंग'चं थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांना पाठ आहे. २५ फेब्रुवारी २०२२. पहिल्या दारातून बाहेर पडलं की समोर सोन्याच्या चिलखतातला घोडेस्वार. लोक धावून जायचे, दोन फटक्यांत मरायचे, पुन्हा धावायचे. पहिल्या दिवसाचं मत: गेम अन्यायी आहे. त्या घोडेस्वाराला वळसा घालून जाता येतं, हेच तो शिकवत होता. स्टीमवर पहिल्या दिवशी मत संमिश्र होतं, अडखळण्याच्या खऱ्या तक्रारीमुळे. तीन आठवडे व्हायच्या आत एक कोटी वीस लाख प्रती खपल्या होत्या.

आता जरा घरात या. भाच्याची खोली. मार्चअखेर, अकोला चाळिशीच्या घरात. लॅपटॉपखाली हवा खेळावी म्हणून आईच्या स्वयंपाकघरातल्या दोन स्टीलच्या वाट्या पालथ्या घातलेल्या. शेजारी कूलर, अजून नवीन वाळा लावलेला नाही, गेल्या वर्षीचाच, त्याचा कुबट वास. गेम चालू झाला की लॅपटॉपचा पंखा असा ओरडतो की आई आतून विचारते, मिक्सर कोणी लावला? दहा मिनिटांत तळहाताखाली कीबोर्ड तापतो. यंत्र स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतं, आणि पडद्यावरचं पात्र चिखलातून चालल्यासारखं चालतं. मी भाच्याला म्हटलं, तू गेमचं परीक्षण केलं नाहीस, तू अकोल्याच्या मार्चचं केलंस. तो चिडला. पण हे मी गमतीने म्हटलेलं नाही. ज्या यूट्यूबवाल्याचं मत त्याने उष्टं खाल्लं त्याचं यंत्र लाखो रुपयांचं आणि खोलीत एसी. दोघांनी एकच शब्द वापरला: अडखळतो. एकाचा शब्द गेमबद्दल होता, दुसऱ्याचा वाट्यांबद्दल. वाचणाऱ्याला ते कसं कळावं?

मी स्वतः काही कमी नाही. अमरावतीत राजकमल चौकाच्या आसपास सायबर कॅफे होते त्या काळात वीस रुपये तासाने मी 'व्हाइस सिटी' खेळलो आहे. तासात काय होणार? गाडी चोरायची, पोलिसांना मागे लावायचं, समुद्रात गाडी घालायची, तास संपला. पुढच्या शनिवारी यावं तर आपला जतन केलेला खेळ दुसऱ्याने पुसलेला. कितीतरी वर्षं मी ठामपणे सांगत होतो की हा गाड्या चोरायचा बिनडोक गेम आहे. त्याला सुरुवात, मध्य, शेवट असलेली गोष्ट आहे हे मला कळलं नोकरी लागल्यावर, घरचा संगणक आल्यावर. तोवर मी त्याच्यावर इतकी मतं देऊन बसलो होतो की माघार घ्यायची लाज वाटली. पहिल्या मताचा हाही एक तोटा आहे: ते माणसाला नंतर मत बदलू देत नाही. आजच्या पोरांची मतं तर लेखी असतात.

भाच्याने शेवटी जो मुद्दा काढला तो मात्र वजनदार होता, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. "मामा, मोठा गेम तीन-चार हजाराच्या खाली भेटत नाई. बाबाची पगाराची तारीख पाहून मी घेतो. पुण्यातल्या पोराले परवडते शंभर घंटे थांबणं. आपल्याले दोन घंट्यातच पाहा लागते, नाई तं पैसे बुडाले."

खरं आहे. आणि म्हणूनच परत कर, दहादा परत कर. परत करणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, त्याबद्दल कुणाला स्पष्टीकरण द्यायचीही गरज नाही. 'मला परवडलं नाही', 'माझ्या यंत्रावर चाललं नाही', 'मला बैलगाडीत बसायचं नाही' ही तिन्ही वाक्यं मला मान्य. चौथं, 'गेम भंगार हाय', हे मान्य नाही. ते वाक्य म्हणायचा हक्क पैशाने मिळत नाही आणि पैसे नसल्यानेही मिळत नाही. उलट खिशाचाच विचार करायचा तर पहिल्या दिवसाशी तुझं देणंघेणंच काय? पहिला दिवस हा गेमच्या आयुष्यातला सगळ्यात महाग आणि सगळ्यात मोडका दिवस असतो. वर्षभराने त्याचे दोष निवारलेले असतात आणि सेलमध्ये किंमत बरीच उतरलेली असते. ज्याच्याकडं पैसे कमी त्याने थांबणं हाच शहाणपणा. आणि थांबायचं ठरलं की पहिल्या दिवसाच्या कोलाहलाचा त्याला काडीचा उपयोग नाही. हा सगळा गलका पहिल्या दिवशी विकत घेणाऱ्यांचा, त्यांच्यासाठी. अकोल्यातल्या मुलाने तो फुकट ऐकून स्वतःचं वर्षभराचं कुतूहल मारून का घ्यावं?

या उष्ट्या मतांची झळ आपल्याच माणसांना कशी लागते तेही पाहा. पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' नावाचा गेम केला. मोकळ्या जगाचा नव्हे, पण अद्भुताचा. दुर्गेने शस्त्र दिलेल्या सर्कशीतल्या मुलीची गोष्ट, राजस्थानी महालांच्या सज्जांतून धावणारी. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणी काढली, ती पुरी झाली नाही. संस्थापकांपैकी एकीने स्वतःचं घर विकून काम चालू ठेवलं. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आला. मारामारी थोडी अवघडलेली, लांबी कमी, हे दोष लोकांनी सांगितले आणि ते बरोबर होते. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. मी माझ्या ओळखीच्या वीसेक खेळणाऱ्या पोरांना विचारलं. 'आपल्याकडचा गेम ना? छोटा हाय म्हणतात', एवढंच बहुतेकांना ठाऊक. खेळलेले निघाले दोन.

'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'च्या नव्या आवृत्तीचं काम युबिसॉफ्ट कंपनीने आपल्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंना दिलं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये झलक आली, आणि ती दिसायला खरंच फिकी होती, ते मी नाकारत नाही. पण शेरे बघता बघता गेमवरून देशावर घसरले. तारखा पुढे गेल्या, मे २०२२ मध्ये काम काढून माँट्रियलला नेलं. तिथंही ते तडीस गेलं नाही; जानेवारी २०२६ मध्ये गेम रद्द झाला. पुण्या-मुंबईच्या त्या माणसांनी काय केलं असतं, चांगलं की वाईट, ते आता कुणालाच कळणार नाही. त्या एका झलकेचा हिशेब मात्र त्यांच्या नावावर कायमचा लिहिला गेला.

राहता राहिले ते आमचे वडीलधारे, ज्यांच्या मते हे सगळंच रिकामटेकडेपणाचं लक्षण आहे. त्यांच्याशी वाद पुढच्या वेळी. त्यांनीही पडद्याकडं दोन मिनिटंच पाहिलेलं असतं.

म्हणून अमरावती-अकोल्यातल्या, आणि बाकीच्याही, खेळणाऱ्या पोरापोरींना एकच मागणं आहे. राजेहो, मत द्या, जरूर द्या, शिव्यासुद्धा द्या. स्टीम प्रत्येक मताशेजारी खेळलेले तास छापतंच. तुम्ही टपरीवर बोलतानाही ते सांगा. कोणत्या यंत्रावर खेळलात ते सांगा. कोणाचा व्हिडिओ आधी पाहिला होता तेही सांगा. आणि मार्च ते जूनच्या मध्ये, अकोल्यात, वाट्यांवर लॅपटॉप ठेवून खेळला असाल, तर कूलर चालू होता की बंद, तेवढं लिहायला विसरू नका.